शेवटच्या अंतऱ्यातला वामन

गायन पार्टीत ढोलकीवाल्याला गाणं कुठे संपणार ते आधी कळावं लागतं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ते सहसा कळतं. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव आलं, की हात तिहाईकडे वळतो. कोलशेत रोडच्या कारखान्यात पाळ्या करत मी बाळकुममध्ये राहिलो आणि एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवत आलो. हे नाव मी नुसतं शेवटाची खूण म्हणून ऐकत होतो. त्याच्या आधाराने एका माणसाचं आयुष्यभराचं काम टिकलं, हे पुढे समजलं.

आमच्या बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रोड पुढे नाशिकला जातो. त्याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा जन्मले. शाळा मिळाली नाही. मुंबईत आले, पडेल ते काम केलं. शिवडीला राहत असताना ओळखीच्या एकाने पत्र वाचायला हाती दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. ती लाज त्यांनी गिळली नाही. चाळीतल्या एका मास्तरांकडून अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. ३ मे १९४३ ला त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, ते एक विडंबन होतं. मला हा प्रवास फार मोठा वाटतो, कारण ज्यांच्यासाठी ते पुढे लिहिणार होते त्यातले कितीतरी जण तेव्हा ते पत्र वाचू शकले नसते. म्हणून गाणं कानाने पाठ व्हावं लागे. त्यांची चाल सोपी, यमक घट्ट आणि ओळ एका दमात म्हणता येईल एवढीच, ती याचसाठी.

त्यांच्या आधी भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे होते. तमाशाचा साचा घेऊन त्यात शिक्षणाचे, पाण्याचे, हक्काचे प्रश्न मांडणारे. त्याला मोठा संच लागे. १९५६ नंतर जलसे मागे पडत गेले आणि पेटी, ढोलकी, बॅन्जो, मागे कोरस अशी गायन पार्टी पुढे आली. दोन पार्ट्यांचा सामना रात्रभर रंगे. अशा पार्टीला रोज नवं गाणं हवं असतं आणि वामनदादा ते पुरवत गावोगाव फिरले. गाणारे ते वहीत उतरवून घेत. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली आला, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांचं पुस्तक म्हणजे परक्यांच्या या वह्याच.

वहीवर कवीचा हक्क कसा राहणार? संतांनी अभंगात नाव गुंफलं, तीच वाट वामनदादांनी धरली. शेवटचा अंतरा गायला की नाव आपोआप गायलं जातं, मग गाणारा कुणीही असो. सिनेमात ही सोय नव्हती. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो शंभराहून जास्त आठवडे चालला. त्यातलं वसंत पवारांनी चाल दिलेलं एक फर्मास गाणं वामनदादांचं आहे, हे आजही सांगितलं की लोक चकित होतात.

मग कॅसेट आल्या. आपल्या कल्याणच्या शिंदे घराण्याने, प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांनी, भीमगीतं घराघरांत नेली. तो आवाज ऐकून अंगावर काटा आलेला माणूस मी आहे. पण कॅसेटमुळे गाणं गायकाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, हेही खरं. स्टेजवर वेळ कमी पडला की नवे गायक शेवटचा अंतरा गाळतात. त्यांना वाटतं एक कडवं गेलं. मी ढोलकी थांबवत नाही, नाव येईपर्यंत ठेका देत राहतो. यावरून वादही झाले आहेत.

१९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वामनदादांना मिळालं. १५ मे २००४ रोजी ते गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही. वामनदादांची गाणी हजारोंनी होती, छापली गेली त्यातली थोडी. बाळकुम, भिवंडी, कल्याणच्या जुन्या पार्ट्यांकडे अजून वह्या आहेत. एकाच गाण्याची कडवी त्यात वेगवेगळी सापडतात. त्या समोरासमोर ठेवून पाठ जुळवायचा, तर ज्यांनी दादांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं ते लोक शेजारी बसलेले हवेत, आणि ते आता ऐंशीच्या घरात आहेत.