एका मोर्च्याची गोष्ट : १९८७ चं वॉशिंग्टन, एड्स आणि आपली भीती

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला एक काका आत आले. मुलाचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता आणि औषधं सुरू होऊन आठ महिने झाले होते. दार नीट लागलंय ना हे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्याचं ताट-वाटी आम्ही वेगळी ठेवलीय. बरोबर आहे ना?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तो... तसला आहे म्हणतो. म्हणूनच झालं ना हे?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकल्यासवरलेल्या लोकांनी, पोलिसांनी आणि खासदारांनीही हेच विचारलं होतं. म्हणून आज नेहमीसारखा आजारावरचा लेख न लिहिता तुम्हाला इतिहासातली एक गोष्ट सांगतो. काकांच्या प्रश्नांची उत्तरं शेवटी येतीलच.

आधी थोडी पार्श्वभूमी

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने आपल्या साप्ताहिकात एक छोटी नोंद छापली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. पाचही जण समलैंगिक होते. पुढे हाच आजार रक्त चढवलेल्या रुग्णांत, हिमोफिलियाच्या रुग्णांत, स्त्रियांत आणि नवजात बाळांतही सापडला. १९८३ मध्ये विषाणू सापडला, १९८५ मध्ये रक्ताची तपासणी आली. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, हेही तोवर स्पष्ट झालं होतं. पण 'समलैंगिकांचा रोग' हा शिक्का एकदा बसला तो बसलाच.

त्यात १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा घटनेला धरूनच आहे. म्हणजे आजारी पडलेला माणूस एकाच वेळी रुग्णही होता आणि कायद्याच्या नजरेत गुन्हेगारही.

३१ मे १९८७ ला अध्यक्ष रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं. तोपर्यंत त्या देशात २० हजारांहून जास्त माणसं दगावली होती. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउससमोर एड्सच्या प्रश्नावर निदर्शनं झाली. निदर्शकांना अटक करताना पोलिसांनी लांब पिवळे रबरी हातमोजे घातले होते. हे हातमोजे लक्षात ठेवा.

११ ऑक्टोबर १९८७

त्या रविवारी वॉशिंग्टनमध्ये समलैंगिकांच्या हक्कांसाठी प्रचंड मोर्चा निघाला. सरकारी अंदाज २ लाखांचा, तर आयोजकांचा ५ लाखांच्या वर. एड्सवरच्या संशोधनाला आणि उपचारांना पैसा द्या, भेदभाव थांबवा, संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करा, अशा मागण्या होत्या. मोर्च्याच्या पुढच्या भागात एड्सचे रुग्ण होते, त्यांतले काही चाकाच्या खुर्चीवर.

व्यासपीठावर कोण होतं ते पाहा. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ होते, अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग होत्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेले जेसी जॅक्सनही होते. जॅक्सन कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. मतांवर डोळा ठेवून वागणाऱ्या माणसाने त्या काळी या व्यासपीठापासून लांब राहणंच पसंत केलं असतं. ते आले आणि बोलले. मजुरांची, कृष्णवर्णीयांची आणि समलैंगिकांची लढाई एकमेकांपासून फार लांब नाही, हे या पाहुण्यांच्या तिथे असण्यानेच लोकांना दिसलं.

पण त्या दिवसाची सगळ्यात मोठी आठवण भाषणांची नाही. ती आहे गोधडीची.

हो, गोधडीच. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या कल्पनेतून एड्सने गेलेल्यांच्या घरच्यांनी आणि मित्रांनी कापडाचे तुकडे शिवले होते. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्यावर गेलेल्याचं नाव. कुणी त्याचा शर्ट जोडला होता, कुणी जीनची पँट. अशा १,९२० तुकड्यांची ती गोधडी सूर्योदयाला मैदानात उलगडली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं गेलं. आजीच्या लुगड्याची गोधडी ज्यांनी पांघरली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या काळी अनेकांचे अंत्यविधी धड होत नव्हते. कुठे घरचे पुढे येत नव्हते, कुठे अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिकच मृतदेह घ्यायला नकार देत होते.

मग काय झालं?

दोन दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, त्या निकालाच्या निषेधार्थ सर्वोच्च न्यायालयासमोर सत्याग्रह झाला. सुमारे ६०० जणांना अटक झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सेनेटने काय केलं ते डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं. सेनेटर जेसी हेल्म्स यांनी न्यूयॉर्कच्या एका संस्थेची सुरक्षित संबंधांविषयीची चित्रपुस्तिका सभागृहापुढे आणली आणि एक दुरुस्ती मांडली. समलैंगिक संबंधांना उत्तेजन देईल अशा एड्सविषयक शिक्षणावर सीडीसीचा पैसा खर्च करायचा नाही, अशी ती दुरुस्ती होती. बाजूने ९४ मतं पडली, विरोधात फक्त दोन. त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहानेही ती ३६८ विरुद्ध ४७ मतांनी उचलून धरली.

याचा अर्थ असा : आजाराचा धोका ज्यांना सगळ्यात जास्त होता, त्यांच्याशी त्यांना कळेल अशा भाषेत बोलायलाच सरकारी पैसा मिळेना. कंडोम कसा वापरावा हे सांगितलं तर 'उत्तेजन' ठरेल, ही धास्ती. मलेरियाच्या गावात डासांचं नाव काढायचं नाही, असं ठरवण्यासारखंच हे.

दुसऱ्या बाजूला डॉ. एव्हरेट कूप होते. तेही रेगन सरकारचेच, देशाचे सर्जन जनरल आणि वैयक्तिक मतांनी सनातनी. पण १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने देशातल्या घराघरांत टपालाने माहितीपत्रक गेलं. जवळपास १० कोटी ७० लाख प्रती! त्यात कंडोमचा उल्लेख होता आणि स्पर्शाने एड्स होत नाही हेही सरळ लिहिलं होतं. स्वतःची मतं बाजूला ठेवून रुग्णाच्या हिताचं बोलणं काय असतं, याचं उदाहरण म्हणून मला कूप नेहमी आठवतात.

आणि मोर्च्यातली माणसं? ती आपापल्या गावी गेली. अनेकांनी घरी पहिल्यांदा खरं सांगितलं. पुढच्या वर्षापासून ११ ऑक्टोबर हा दिवस स्वतःची ओळख उघडपणे सांगण्याचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

आपण तरी वेगळे होतो का?

भारतात पहिले एचआयव्हीबाधित १९८६ साली चेन्नईत सापडले. आणि १९८९ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात काय घडलं? डॉमनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यात संसर्ग आढळला. त्याला पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस पहाऱ्यात एकटं ठेवलं. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यात तशी सोय होती! त्याचा गुन्हा काय, तर रक्त दिलं.

दुसऱ्यांकडे कशाला बोट दाखवू? नव्वदच्या दशकात मी एमडी करत होतो. आमच्या वॉर्डात असा रुग्ण आला की त्याची खाट अगदी टोकाला लागायची आणि पायाशी पाटी. नाडी पाहायलासुद्धा आम्ही दोन-दोन हातमोजे घालायचो. मीही घालायचो. गंमत म्हणजे, कोणताही रुग्ण असो, रक्ताशी संबंध येणार असेल तेव्हाच हातमोजे घाला, अशी स्पष्ट सूचना सीडीसीने १९८७ च्या ऑगस्टमध्येच दिली होती. आम्ही ती वाचलीही होती. एकदा एका रुग्णाने विचारलं, "डॉक्टर, माझी नाडी हाताला लागत नाही का?" मी काहीच बोललो नाही. आठवड्याभरात तो गेला. ते उत्तर द्यायचं राहिलंच.

माहिती नव्हती म्हणून आम्ही तसे वागलो नाही. माहिती होती. भीती आणि किळस तिच्यापुढे गेली. व्हाइट हाउससमोरच्या पोलिसांचंही तेच झालं असावं.

तर काकांच्या प्रश्नांची उत्तरं

• ताट-वाटी वेगळी नको. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही.

• समलैंगिक असणं हा आजार नाही आणि एचआयव्हीचं कारणही नाही. कारण आहे विषाणू. भारतात बहुतेक संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतूनच झाले आहेत. समलैंगिक संबंध हा आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हाही नाही.

• औषधं रोज घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात.

• आपली माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. एचआयव्हीवरून भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि एक विनंती. तुम्ही कोणाबरोबर राहता, कोणावर प्रेम करता, हे डॉक्टरपासून लपवू नका. ते सांगायची भीती वाटत असेल, तर चूक आमची आहे, तुमची नाही.

काका उठले तेव्हा मी त्यांना एवढंच म्हटलं, "आज रात्री त्याच्याबरोबर जेवायला बसा." पुढच्या वेळी ते आले तेव्हा मुलगा सोबत होता. तपासायच्या टेबलावर तो झोपला आणि मी त्याची नाडी पाहिली. हातानेच.