फुलदाणीतलं कथील

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत सुपारी मारुतीच्या देवळाजवळ तुम्ही उभे आहात. हातात भाचीने स्पेनच्या तलावेरा दे ला रेना गावाहून आणलेली फुलदाणी. पोटावर निळी पानं, पिवळी फुलं, मध्ये पळणारा ससा. जरा उलटी करा. बुडाच्या कडेला झिलई नाही, तिथे माती उघडी आहे, फिकट तांबूस. म्हणजे ही चिनी माती नव्हे. मग इतकी पांढरीशुभ्र कशी?

नवसागराचा वास येतोय? चाळीस वर्षं मागे आलात. बोळाच्या तोंडाशी कल्हईवाल्याचा भाता चालू आहे. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उसळतो, कथलाची कांडी टेकते आणि चिंधीच्या एका फेऱ्यात पितळ चांदीसारखं होतं. हे कथील लक्षात ठेवा.

आणखी मागे चला. सतराव्या शतकाची अखेर. १६८७ साली गोवळकोंडा पडला आणि तिथला सुलतान अबुल हसन कुतुबशहा देवगिरी किल्ल्यातल्या चिनी महालात कैदेत आहे. गुलमंडीपासून फार लांब नाही. महालाला नाव मिळालं ते भिंतीवरच्या निळ्या, चकाकत्या फरशांमुळे. चकाकेल ते चिनी, असा तेव्हाचा हिशेब.

अजून शंभराहून जास्त वर्षं मागे, थेट तलावेरात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप एस्कोरियलचा राजवाडा बांधतोय, त्याला इथल्या फरशा हव्यात. कारखान्यात एकदा भाजलेली फुलदाणी झिलईच्या पांढऱ्या रबडीत बुडवून वाळवली आहे. बोट लावलंत तर पीठ लागेल. चितारी कुंचला टेकवतो तोच ते पीठ रंग पिऊन टाकतं. पुसता येत नाही, सुधारता येत नाही. आणि कुंचल्यातला कोबाल्ट निळा नसतोच मुळी, काळपट असतो. निळाई उतरते ती दुसऱ्या भट्टीत. जो रंग डोळ्यांपुढे नाही त्याने पान रंगवायचं! मला तरी या कलेत याहून मोठं काही दिसत नाही.

आता शेवटचा पल्ला. नववं शतक, इराकातलं बसरा. चीनहून जहाजाने आलेली पांढरी वाटी कुंभाराच्या हातात आहे. तशी माती त्याच्या देशात नाही. तो शिसं आणि कथील एकत्र जाळतो, त्याची राख झिलईत कालवतो. हीच युक्ती पुढे मुसलमान कारागिरांच्या हातून स्पेनला पोचणार आहे. तो आपली पिवळट वाटी त्या रबडीत बुडवून वर काढतो.

पांढरी! फक्त बोटांनी धरली होती तिथे माती उघडी राहिली आहे.