स्टॉडर्ट, अँड्र्यू अर्नेस्ट
(११ मार्च १८६३–एप्रिल १९१५). व्हिक्टोरियन काळातील इंग्लिश हौशी क्रिकेटपटू व रग्बीपटू. जन्म ईशान्य इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे. पुढे कुटुंब लंडनला आले. शेअरदलाली हा त्याचा व्यवसाय. १८८५ पासून तो हॅम्पस्टेड क्लब आणि मिडलसेक्स परगण्याकडून खेळू लागला. तो ‘जंटलमन’, म्हणजे बिनपगारी खेळाडू. पगारी खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली तेव्हा निराळी असे.

४ ऑगस्ट १८८६ रोजी स्टोइक्स संघाविरुद्धच्या एकदिवसीय क्लब-सामन्यात त्याने ४८५ धावा काढल्या. आदली रात्र त्याने पत्ते कुटण्यात घालवली होती, असे सांगतात. हॅम्पस्टेडच्या धावा झाल्या ८१३. डाव मध्येच सोडण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती; त्यामुळे स्टोइक्सच्या वाट्याला दिवसभर नुसते क्षेत्ररक्षण आले, फलंदाजी आलीच नाही. ती मुभा १८८९ मध्ये मिळाली आणि १८९३ मध्ये लॉर्ड्सवर कसोटीत डाव घोषित करणारा पहिला कर्णधार ठरला तो स्टॉडर्टच. स्टोइक्सच्या खेळाडूंनी ती बातमी कोणत्या चेहऱ्याने वाचली असेल!

एका डावातील वैयक्तिक धावांचा हा ४८५ चा उच्चांक हजारीबागेत जन्मलेल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये नाबाद ६२८ धावा काढून मोडला. कॉलिन्सचा उच्चांक जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावांनी मागे टाकला.

स्टॉडर्ट १६ कसोट्या खेळला. १८९४-९५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने ऑस्ट्रेलियात ३–२ असा विजय मिळवला. मेलबर्नच्या त्याच्या १७३ धावा विशेष गाजल्या. १८९७-९८ चा दौरा मात्र १–४ असा गमावला. रग्बीतही तो इंग्लंडचा कर्णधार होता. १८८८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात कर्णधार रॉबर्ट सेडन नदीत बुडून मरण पावल्यावर संघाची धुरा त्याच्याकडे आली.

प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्याची सर्वोच्च खेळी, २२१ धावा, कारकिर्दीच्या अखेरीस झाली. १९०० मध्ये लॉर्ड्सवर सॉमरसेटविरुद्ध, जे. टी. हर्न या पगारी गोलंदाजाच्या मदतनिधी सामन्यात. नंतर लंडनच्या क्वीन्स क्लबचा तो चिटणीस झाला. पुढे प्रकृती ढासळली आणि मनही खचले. पहिले महायुद्ध चालू असताना, वयाच्या ५२ व्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्याने आत्महत्या केली.