फेर कोणी धरायचा? नृत्य-उपचाराचा इतिहास आणि एक जुना प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. ज्यांनी जन्मभर वर्गात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यांनी नाचाविषयी काय बोलायचं? पण आम्हाला हा विषय मुळातच तत्त्वज्ञानाचा वाटतो. मनाचं दुखणं बरं करायला शरीराच्या हालचालीचा उपयोग होतो, असं म्हटलं की लगेच विचारावं लागतं, मन आणि शरीर यांचा संबंध तरी काय? आणि जो माणूस बोलतच नाही, त्याचं म्हणणं ऐकायचं कसं? हे दोन प्रश्न हाताशी धरून आपण आज थोडा इतिहास पाहू.

सुरुवात १५१८ सालच्या स्ट्रासबर्गपासून करू. त्या वर्षी जुलै महिन्यात एक बाई रस्त्यावर नाचू लागली. संगीत नाही, सण नाही, पण ती थांबेना. काही दिवसांत तिच्यासारखी आणखी माणसं नाचू लागली आणि महिन्याभरात हा आकडा शेकड्यांवर गेला. नगरपरिषदेने वैद्यांना विचारलं. वैद्य म्हणाले, रक्त तापलंय, नाचूनच ते निवेल. मग परिषदेने काय केलं? कारागिरांच्या संघांची सभागृहं रिकामी करून दिली, मंच उभारला, वाजंत्री पगारावर लावले. म्हणजे नाचाचं औषध सरकारी खर्चाने पाजलं. त्याने प्रकार वाढला. मग तीच परिषद दुसऱ्या टोकाला गेली. वाद्यांना बंदी, नाचाला बंदी, आणि नाचणाऱ्यांची रवानगी सावेर्नजवळच्या संत व्हायटसच्या ठाण्याकडे!

इतिहासकार या घटनेच्या कारणांवर आजही वाद घालतात. दुष्काळ, रोगराई, भीती, श्रद्धा, सगळंच त्यात होतं. आपल्याला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. 'नाचा' हा हुकूम वरून आला आणि 'नाचू नका' हाही वरूनच आला. त्या बाईचं अंग काय सांगतंय, हे परिषदेने ना पहिल्यांदा विचारलं ना दुसऱ्यांदा.

आता इटलीच्या दक्षिण टोकाला, सालेन्तो भागात येऊ. तिथे कितीतरी शतकं अशी समजूत होती, की तारांतुला नावाचा कोळी चावला की माणूस खचतो, निपचित पडतो, आणि विशिष्ट चालीवर नाचल्याशिवाय त्याचं विष उतरत नाही. १९५९ साली एर्नेस्तो दे मार्तिनो हे अभ्यासक तिथे गेले. त्यांच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञ होते, संगीताचे अभ्यासक होते. त्यांना दिसलं, की बहुतेकींना कोळी चावलेलाच नव्हता. बऱ्याचशा गरीब, शेतात राबणाऱ्या बायका. कुणाचं मनाविरुद्ध लग्न झालेलं, कुणाचं माणूस गेलेलं. वर्षातून ठराविक दिवसांत 'विष' पुन्हा चढे. घरात वादक येत, कुठल्या चालीला तिचं अंग प्रतिसाद देतं ते एकेक चाल वाजवून शोधत, आणि मग ती नाचे. दे मार्तिनोंच्या १९६१ सालच्या पुस्तकाच्या नावात 'रिमोर्सो' हा शब्द आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ पश्चात्ताप, आणि तो फोडून वाचला तर 'पुन्हा चावणं'. आपणही म्हणतोच ना, 'मन खातं'! भाषा वेगळी, पण दात तेच.

आपल्याकडे 'अंगात येतं' त्याची इथे कुणालाही आठवण होईल. तुलना जपून करावी. प्रत्येक ठिकाणचा देव वेगळा, समाज वेगळा. पण जिला घरात बोलायला जागा नाही, तिचं शरीर बोलायला लागतं, एवढं साम्य नाकारता येत नाही. आणि स्ट्रासबर्गपेक्षा सालेन्तोचे वादक शहाणे होते. ते आधी तिच्याकडे बघत आणि मग वाजवत.

आता आमच्या प्रांतात थोडं डोकावू. देकार्त यांनी मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली, हे आपण याआधी अनेकदा बोललो आहोत. मन विचार करतं पण जागा व्यापत नाही. शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्यांना पत्र लिहून नेमकं बोट ठेवलं. जे जागाच व्यापत नाही, ते शरीराला ढकलतं तरी कसं? देकार्तांची उत्तरं वाचण्यासारखी आहेत. शेवटी ते जवळजवळ असं कबूल करतात, की मन-शरीराची एकी चिंतनाने कळत नाही, रोजच्या जगण्यातून आणि बोलण्याचालण्यातून कळते. दोन वर्षांनी हीच राजकन्या बारीक तापाने आजारी पडली, तेव्हा त्या तापाचं मूळ तिच्या दुःखात आहे, असं देकार्तांनीच तिला कळवलं. म्हणजे सिद्धांतात दोन द्रव्यं, आणि मैत्रिणीच्या आजारपणात एकच माणूस! पुढच्या वैद्यकाने मात्र सिद्धांत उचलला आणि पत्रव्यवहार कपाटात ठेवला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ती घडली अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात. डोरोथिया डिक्स या समाजसुधारक बाईंच्या प्रयत्नांतून १८५५ साली ते सुरू झालं. तेव्हाचं नाव होतं 'वेड्यांचं सरकारी रुग्णालय'. यादवी युद्धात तिथे जखमी सैनिकही ठेवले होते. घरी पत्र लिहिताना त्यांना त्या नावाची लाज वाटे, म्हणून ते त्या जमिनीचं जुनं नाव लिहीत, सेंट एलिझाबेथ. १९१६ साली तेच अधिकृत झालं. वेडाचा डाग किती खोल असतो, ते एवढ्या नावातूनही दिसतं.

१९४०च्या दशकात तिथे सात हजारांच्या आसपास रुग्ण होते. एवढ्या माणसांशी बोलायला डॉक्टर कुठून आणणार? त्या काळचे उपचार आठवा. इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं, विजेचे झटके, आणि मेंदूचा भाग छेदणारी लोबोटॉमी. अमेरिकेत लोबोटॉमी आणणारे वॉल्टर फ्रीमन यांनी पूर्वी याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलेलं होतं. १९४९ साली या शस्त्रक्रियेच्या जनकाला, एगास मोनिझ यांना, नोबेल पारितोषिक मिळालं. वैद्यकातली सर्वोच्च मान्यता त्या वेळी कुठे होती, ते यावरून कळावं.

अशा ठिकाणी १९४२ साली रेड क्रॉसमार्फत एक नर्तकी स्वयंसेवक म्हणून आली. मॅरियन चेस. जन्म १८९६चा, शिक्षण रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या 'डेनिशॉन' संस्थेत. या रूथबाईंचा आपल्याशी एक गमतीचा धागा आहे. १९०६ साली 'राधा' या नृत्याने त्या गाजल्या. पण त्याआधी त्यांचं पूर्वेचं वेड सुरू झालं ते सिगारेटच्या जाहिरातीतली इजिप्तची देवी पाहून! त्यांची राधा कल्पनेतल्या हिंदुस्थानातली होती. खरा हिंदुस्थान त्यांनी पाहिला तो १९२५-२६च्या आशिया दौऱ्यात. तेव्हा 'हे सगळं आपल्याकडूनच गेलं' असं म्हणायची घाई नको.

चेस वॉशिंग्टनमध्ये नृत्याचे वर्ग घेत. त्यांच्या ध्यानात आलं, की काही जणांना नर्तक व्हायचंच नाहीये, तरी ते नेमाने येतात. त्यांना तिथे काय मिळतं, याकडे त्या पाहू लागल्या. शहरातले मानसोपचारतज्ज्ञही मग त्यांच्याकडे रुग्ण पाठवू लागले. त्यातून त्या रुग्णालयात पोचल्या. महायुद्धातून परतलेले सैनिक होते, वर्षानुवर्षं मुके बसलेले जुने रुग्णही होते. आपल्या कामाला त्यांनी नाव दिलं, 'संवादासाठी नृत्य'.

त्या करत काय? समजा, एक माणूस कोपऱ्यात बसून सारखा पुढे-मागे झुलतोय. उपचारक त्याचा हात धरून त्याला ओढत नाही. थोड्या अंतरावर बसतो आणि त्याच लयीत झुलू लागतो. ही नक्कल म्हणता येणार नाही. नक्कल बाहेरचा आकार उचलते, इथे त्याचा जोर, त्याची गती, त्याचा ताण आपल्या अंगात घ्यायचा असतो. आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हुं' म्हणायची पद्धत आहे. हुंकार थांबला की गोष्ट सांगणाराही थांबतो. तसा हा देहाने दिलेला हुंकार. तो पोचला, की कधीतरी त्या माणसाची नजर वळते, झुलण्यात किंचित बदल होतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, फेर धरला जातो. सगळ्यांचा ताल एक, पण प्रत्येकाची हालचाल त्याची स्वतःची. एखाद्याचा हात झटकल्यासारखा होतो, गट तो उचलतो, त्यातून 'काय झटकतोय?' असा शब्द निघतो. पुढे चेस यांच्या विद्यार्थिनींनी या पद्धतीची चार अंगं मांडली. शरीराची कृती, प्रतीक, हालचालीतून जुळणारं नातं, आणि समूहाचा ताल.

आता स्ट्रासबर्ग आठवा. तिथे परिषद ताल ठरवत होती. इथे पहिला ताल रुग्णाचा आहे, उपचारक मागून येतो. आमच्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. ज्या हालचालीला डॉक्टरांच्या नोंदवहीत 'लक्षण' म्हटलं होतं, तिला कुणीतरी 'बोलणं' मानलं. योगायोग बघा, १९४५ साली फ्रान्समध्ये मेर्लो-पोंती आपला 'संवेदनाचं रूपविज्ञान' हा ग्रंथ प्रसिद्ध करत होते. शरीर ही आपल्याजवळ असलेली वस्तू नव्हे, शरीर म्हणजेच जगात असणारे आपण, असं त्यांचं म्हणणं. वॉशिंग्टनच्या वॉर्डात तेच घडत होतं, ग्रंथाची वाट न पाहता.

१९५४ साली अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन या औषधाला मान्यता मिळाली आणि मनोरुग्णालयांचं चित्र बदललं. औषधांनी लाखो लोकांचं भलं केलं आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. नाचायला लागा आणि गोळ्या सोडा, असं कुणी सांगत असेल तर तो घातकी सल्ला समजावा. पण औषधाने आवाज शांत झाले तरी माणूस माणसांत परत येतोच असं नाही. ते काम उरतंच. १९६६ साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९७० साली त्या वारल्या.

मग तुम्ही रास्त प्रश्न विचाराल, याने गुण येतो का? इथे इतिहासकाराने भक्त होऊ नये. २००६ साली लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४५ रुग्णांवर देहकेंद्रित उपचाराचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भावना गोठणं, उत्साह नसणं अशी लक्षणं त्यात बरीच कमी झालेली दिसली. मोठी आशा निर्माण झाली. मग त्याच दिशेने मोठा प्रयोग झाला. २७५ रुग्ण, एका गटाला हा उपचार, दुसऱ्या गटाला पिलाटेसचे व्यायामवर्ग. २०१६ साली निष्कर्ष आला, मुख्य लक्षणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नैराश्यावरच्या नृत्य-उपचाराचा २०१५ साली आढावा घेतला गेला, तर निकषांत बसणारे अभ्यास तीनच मिळाले, मिळून १४७ माणसं. तेवढ्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असं आढावा घेणाऱ्यांनीच म्हटलं.

याचा अर्थ सगळं फोल? तसं नव्हे. मोठे दावे करू नयेत, हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ असा, की 'लक्षण किती कमी झालं' हा एक प्रश्न आणि 'या माणसाशी आपण माणसासारखं वागलो का' हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर प्रयोगाने मिळतं आणि ते प्रयोगानेच मिळवलं पाहिजे. दुसऱ्याला प्रयोगाची गरजच नाही. दहा वर्षं ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही, त्याच्याकडे बघायला कुणी संख्याशास्त्राची परवानगी मागत नाही.

आणि हा प्रश्न दूर वॉशिंग्टनचा नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून गेले, कारण ते साखळीने बांधलेले होते. जिथे हालचालच गुन्हा, तिथे नृत्य-उपचार कसला? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांना बंदी घातली, समाजात राहण्याचा हक्कही दिला. कोलकात्यात 'कोलकाता संवेद' ही संस्था २००४पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्यातून काम करते आहे, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तिच्या सहयोगाने या विषयाचा अभ्यासक्रमही उभा राहिला. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे काय मागायचं, हे नागरिक म्हणून आपल्याला कळलं पाहिजे.

पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर रुग्णांचा नाच बसवला, फोटो काढले, की नृत्य-उपचार झाला असं समजू नये. त्यात ताल पुन्हा परिषदेचाच असतो. उपचार म्हणायचा तर शिकलेली व्यक्ती हवी, ठरलेला वार हवा, आठ-दहा जणांना फेर धरता येईल एवढी मोकळी खोली हवी, डॉक्टरांशी बोलणं हवं, आणि 'मला आज नाचायचं नाही' म्हणायची रुग्णाला मुभा हवी. ही शेवटची अट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाही म्हणता येत असेल, तरच त्याच्या हो-ला काही अर्थ.

एलिझाबेथने विचारलं होतं, मन शरीराला हलवतं कसं? पावणेचारशे वर्षं झाली, तत्त्वज्ञांचं एकमत नाही. पण कुणीतरी आपल्या लयीत शेजारी येऊन बसलं, तर गोठलेला माणूस हलू शकतो, एवढं या इतिहासातून आपल्या पदरात पडतं. तेवढं शिकायला तत्त्वज्ञांच्या एकमताची वाट पाहायला नको.

 आता आपण प्रश्न घेऊ.