नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये का नेतात? कोकण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांमधला आभाराचा सण

नोव्हेंबर आला की इन्स्टाग्रामवर अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग दिसायला लागतं. भाजलेली टर्की, भोपळ्याचा पाय, टेबलाभोवती बसलेलं अख्खं कुटुंब आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडेचा सेल. आपल्याकडे बहुतेकांना या सणाची ओळख त्या सेलमुळेच झाली, हेही खरं.

पण शेतात आलेल्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचे आणि घरच्यांनी एकत्र बसून जेवायचं, हा प्रकार बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मुंबईपासून मंगळूरपर्यंतच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती समाजाचे असेच सण होतात. गोव्यात त्याला कणसांचें फेस्त म्हणतात, मंगळूरला मोंती फेस्त आणि मुंबईत आगेरा. कणसं म्हटल्यावर मक्याची कणसं डोळ्यासमोर आणू नका. ही भाताची कणसं, म्हणजे कोकणात ज्यांना लोंब्या म्हणतात त्या. तिन्ही ठिकाणी मुख्य गोष्ट एकच: नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, त्यांना आशीर्वाद घ्यायचा आणि मग त्या घरी आणून सगळ्यांनी वाटून खायच्या.

यातला ‘वाटून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या सणांमध्ये आभार नुसते शब्दांनी मानून भागत नाहीत, कुणाला तरी वाटा द्यावा लागतो.

बायबलमध्ये काय आहे?

बायबलच्या जुन्या करारात इस्राएली लोकांना सांगितलंय की पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणा. अनुवाद या ग्रंथात तर पूर्ण पद्धतच दिली आहे. पहिलं पीक टोपलीत घालून न्यायचं, देवासमोर ठेवायचं, आपले पूर्वज कसे भटके होते आणि ही जमीन कशी मिळाली ते बोलून दाखवायचं. त्यानंतर जो आनंद करायचा, त्यात स्वतःची जमीन नसलेल्या लेवींना आणि गावात राहणाऱ्या परक्या माणसालाही सामील करून घ्यायचं.

कॅथलिक चर्चमध्ये दर रविवारी जी मिस्सा होते, तिला ‘युखरिस्त’ असंही म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थच ‘आभार मानणं’ असा आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळी ज्याला ‘उपकारस्तुती’ म्हणतात, तेच.

गोवा: विळा आधी फादरच्या हातात

गोव्यात या सणांची सुरुवात सासष्टी तालुक्यातल्या राय गावातून होते, ५ ऑगस्टला. त्या दिवशी इथल्या ‘अवर लेडी ऑफ स्नोज’ चर्चचं फेस्त असतं. बर्फाची माता आणि गोव्यातला भर पावसाळा, ही जोडी जरा गंमतीशीर वाटते. पण ते नाव रोममधल्या एका जुन्या आख्यायिकेवरून आलंय. ऐन उन्हाळ्यात तिथल्या एका टेकडीवर बर्फ पडला होता, अशी ती गोष्ट.

फादर आणि गावकरी मिरवणुकीने शेतावर जातात, प्रार्थना होते, पहिल्या लोंब्या विळ्याने कापल्या जातात आणि चर्चमध्ये आणून लोकांना वाटल्या जातात. मुख्य कापणी पुढे होते, हा तिचा नुसता मुहूर्त. घरी आणलेली लोंबी आल्तारावर, म्हणजे घरातल्या देवघरावर ठेवली जाते. राय झालं की मग एकेक गाव आपापल्या ठरलेल्या दिवशी हा सण करतं. पणजीला लागून असलेल्या ताळगावात तो २१ ऑगस्टला असतो. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कच्या सैन्याला ताळगावने धान्य पुरवलं आणि त्याबद्दल पहिली लोंबी कापायचा मान गावाला मिळाला, असं तिथे सांगितलं जातं.

या सणात कोमुनिदादचा मोठा वाटा असतो. कोमुनिदाद म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, जुनी गावकारी. पोर्तुगीज यायच्या आधीपासून ही व्यवस्था होती. त्यामुळे धर्म बदलला तरी शेत, बांध आणि कापणीचा मान हे सगळं त्याच घराण्यांकडे चालत राहिलं.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे असंही नाही. गोव्यातल्या हिंदू घरांत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम असते, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या घरात येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोंब्या आणि आंब्याची पानं एकत्र करून दारावर ‘नवं’ बांधतात, नवान्न पौर्णिमेला नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. लोंबी तीच, मान द्यायची जागा वेगळी.

मंगळूर: वर्षातलं सगळ्यात शाकाहारी ख्रिस्ती जेवण

ख्रिस्ती सण म्हटला की केक, वाइन आणि मटण असंच डोळ्यासमोर येतं. मोंती फेस्तच्या दिवशी मंगळूरच्या कोकणी कॅथलिक घरांत मासे-मटण अजिबात शिजत नाही.

हा सण ८ सप्टेंबरला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या जन्मदिवशी असतो. आधी नऊ दिवस नोव्हेना चालते. मुलं रोज ताटलीत किंवा परडीत फुलं घेऊन चर्चमध्ये जातात आणि बाळ मरियेच्या मूर्तीवर वाहतात. आठ तारखेला लोंब्यांना आशीर्वाद मिळतो, प्रत्येक कुटुंबाला थोड्या लोंब्या मिळतात आणि फुलं आणणाऱ्या मुलांच्या हातात उसाचं कांडं पडतं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुठल्याही मंगळूरकराला मोंती फेस्तबद्दल विचारा, तो आधी उसाबद्दल बोलेल.

खरा कार्यक्रम घरी असतो. त्याचं नाव नोवें जेवण, म्हणजे नव्याचं जेवण. लोंबीतले दाणे सोलतात, कुटतात आणि दुधात, नारळाच्या रसात किंवा खिरीत घालतात. प्रार्थना होते आणि घरातलं वडीलधारं माणूस एकेकाला ते नवं देतं. ते तोंडात टाकल्याशिवाय जेवायला सुरुवात होत नाही. मग केळीच्या पानावर भात आणि भाज्या. भाज्यांची संख्या विषम हवी: तीन, पाच, सात किंवा नऊ. अळूच्या देठांची भाजी, भेंडी, काजू घातलेली तोंडली, कारलं. बहुतेक सगळं पावसाळ्यात परसात येणारं.

या समाजाचे पूर्वज सोळाव्या ते अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने गोव्यातून तिकडे गेले. मोंती फेस्त मंगळूरजवळच्या फरंगीपेठ इथल्या ‘मोंत मारियानो’ चर्चमध्ये १७६३ मध्ये सुरू झालं आणि ते फादर जोआकिम मिरांडा या गोवेकर धर्मगुरूने सुरू केलं, असं मानलं जातं. त्यानंतर वीसेक वर्षांतच, १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. जमिनी गेल्या, घरं गेली, असंख्य माणसं वाटेत आणि कैदेत मेली. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर जे उरले ते परतले आणि त्यांनी पुन्हा शेती उभी केली. त्यानंतरच्या पहिल्या नव्या भाताला त्या घरांत काय मोल असेल, याचा अंदाज करता येतो.

आता यातली बरीच कुटुंबं मुंबई, दुबई, कुवेत, टोरांटोला आहेत. म्हणून आशीर्वाद दिलेले दाणे सुकवून पाकिटात घालून परदेशातल्या मुलांना पाठवले जातात. तिकडे ते खिरीत पडतात आणि त्या घरचं नवं होतं. तांदूळ दुबईच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतो. पण तो घरचा वाटा नसतो.

मुंबई: सण आहे, शेत कुठाय?

८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून वांद्र्याला आठवडाभर माउंट मेरीची जत्रा भरते, ती याच मरियेच्या जन्मदिवसाची. स्थानिक लोक तिला मोत माउली म्हणतात. मंगळूरचं ‘मोंती’ आणि वांद्र्याचं ‘मोत’ हे दोन्ही शब्द डोंगराशी जोडलेले आहेत. फक्त वांद्र्याच्या जत्रेत पिकापेक्षा नवसाला जास्त महत्त्व आलंय. हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणबत्त्या वाहिल्या जातात आणि त्या वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

पिकाचा सण मुंबईत वेगळा आहे, तो म्हणजे आगेरा. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाज तो साजरा करतो. नाव इंग्रजी असलं तरी हे लोक मुंबई, साष्टी आणि वसईचे मूळ रहिवासी. त्यांची मातृभाषा मराठीचीच एक बोली आहे, पोर्तुगीज शब्द मिसळलेली. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांच्या काळात कोळी, कुणबी, भंडारी अशा अनेक समाजांतले लोक ख्रिस्ती झाले. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली तेव्हा. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, स्थानिक आहोत हे दाखवायला.

आगेऱ्याच्या दिवशी लुगडं नेसलेल्या बायका, घुमटाच्या तालावर निघालेली मिरवणूक, काही गावांत सजवलेली बैलगाडी आणि पुढे भाताच्या लोंब्या. मिस्सा, आशीर्वाद, वाटप. मग फुगे (हे तळलेले, खायचे फुगे), बॉटल मसाल्याची आमटी आणि गाणी.

अडचण अशी की यातल्या बहुतेक गावांत आता शेतच नाही. मरोळच्या जमिनीवर एमआयडीसी झाली, सहारला विमानतळ झाला, बाकी ठिकाणी सोसायट्या. उरली ती गावठाणं: अरुंद गल्ल्या, क्रूस आणि दोन-चार जुनी घरं, चारी बाजूंनी टॉवर. भात दिसतो तो गोराई, मनोरी, उत्तन आणि वसईच्या पट्ट्यात, तोही थोडाफार. त्यामुळे शहरातल्या चर्चला आगेऱ्यासाठी लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात.

ज्या पिकाचे आभार मानायचे ते आपलं नाही, मग हे नाटक नाही का, असा प्रश्न कुणीही विचारेल. पण ज्या घरांच्या सातबारावर कधीकाळी हीच खाचरं होती, त्यांच्यासाठी आगेरा दोन कामं करतो. एक तर आभार. आणि दुसरं, इथे शेत होतं आणि ते आमचं होतं, हे वर्षातून एकदा रस्त्यावर येऊन सांगणं. अनुवादातल्या टोपलीवाल्या प्रार्थनेतही जमीन कशी मिळाली हे बोलून दाखवायचं असतं. इथे ती कशी गेली तेही लक्षात ठेवलं जातं. गावठाणांच्या हद्दी आणि हक्कांवरून मुंबईत वाद चालूच असतात, त्यामुळे या मिरवणुकीकडे नुसता सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून बघणं अपुरं आहे.

सण नसतो तेव्हा

घरातलं आभार मानणं रोजचंही असतं. गोव्याच्या जुन्या कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना होते. ती संपली की लहान मुलं मोठ्यांकडे एकेक करून जातात आणि बेसांव मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद, मूळ पोर्तुगीज शब्द. आपल्याकडे तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणून नमस्कार करतात, तसंच काहीसं.

काही चांगलं घडलं की क्रूसापाशी लादाइन्य होते. शेजारीपाजारी जमतात, गाणारे व्हायोलिन घेऊन येतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. लग्नाआधी काही घरांत ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात: गावातल्या गरिबांना आदराने बसवून, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पोटभर वाढायचं. नवरा-नवरीचं सुख सुरू व्हायच्या आधी वाटा बाहेर जातो. नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांची ताटं शेजारी जातात तीही याच हिशोबात. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय तिथे गोड करत नाहीत, मग शेजारी त्यांना पाठवतात.

घाटावर हा सण वेगळ्या रूपात भेटतो. अहमदनगर भागात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं आणि तिथले बरेच ख्रिस्ती प्रोटेस्टंट. त्यांच्या कापणीच्या सणाला भाताऐवजी ज्वारी-बाजरीची कणसं, भाज्या, अंडी, एखादी कोंबडी असं जे घरचं असेल ते चर्चमध्ये येतं. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, कारण पैसे मंडळीच्या कामाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोली लावताना भावाभावांत, व्याह्याव्याह्यांत जी चढाओढ होते, ती बघण्यासारखी असते.

यातलं काही प्रत्यक्ष बघायचं असेल तर रायची मिरवणूक आणि मुंबईचा आगेरा रस्त्यावर होतात, कुणीही जाऊ शकतं. आगेरा नेमका कोणत्या रविवारी आहे ते त्या त्या चर्चमध्ये विचारून घ्या, कारण काही ठिकाणी तारीख पुढेमागे होते. नोवें जेवणाला मात्र आमंत्रण लागतं. आणि ते मिळालं तर त्या दिवशी माशांची अपेक्षा ठेवू नका.