कोरकू वनपर्यटन (मेळघाट व बऱ्हाणपूर परिसर)

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, मुख्यतः अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा व धारणी तालुक्यांत, कोरकू आदिवासींच्या सहभागाने चालणारे निसर्गपर्यटन. धारणीपलीकडे राज्याची हद्द ओलांडली की बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारचे सागवानी जंगल लागते. कोरकूंची वस्ती तिकडेही आहे.

कोरकू ही मुंडा भाषाकुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. मधून सरळ रस्ता आणि दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या रांगा, अशी कोरकू गावाची जुनी मांडणी असते. मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळीवर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरून ती झाडाखाली उभी करतात; तिला ‘मुंडा’ म्हणतात. ते पितरांचे स्थान आहे, तेव्हा विचारल्याशिवाय तिथे कॅमेरा काढू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटेच मोहफुले वेचायला घरे रिकामी होतात, आणि होळीच्या दिवसांत फगवा मागत सुसून नाच चालतो.

व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते (१९७३-७४). सेमाडोह आणि सिपना नदीकाठचे कोलकास ही मुक्कामाची परिचित ठिकाणे. जंगलात वाटाड्या, गाडीचालक, स्वयंपाकी ही कामे स्थानिक तरुण करतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर पाहुण्याच्या सोबतीलाही तेच असतात. मुक्कामाची संकुले मात्र वनविभागाची आहेत. याच जंगलातून बोरी, कोहा, कुंड ही गावे उठवून बाहेर वसवली गेली. ज्यांनी घर सोडले, त्यांच्या वाट्याला पर्यटनातून केवळ रोजंदारी यावी, हे न्यायाचे नाही.

कायद्याने वाट मोकळी केलेली आहे. वन्यजीव कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांच्या उद्दिष्टांत स्थानिकांच्या सहभागाचे निसर्गपर्यटन घातले, आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टरांवर हा हक्क मिळवला, उजाड टेकड्या राखल्या, सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने विकली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. इक्वेडोरच्या अॅमेझॉन खोऱ्यातील आन्यांगू या किचवा (केचुआ) लोकांच्या गावात पर्यटकांचे निवासस्थानच गावाच्या मालकीचे आहे. मेळघाटातील ग्रामसभांनाही हे जमण्यासारखे आहे. राखलेले रान पायविहीरकडे आहेच.

बऱ्हाणपूरच्या बाजूला बोलावण्यासारखे मोठे निमित्त म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढील शोधमोहिमांत मेळघाटात आणि खकनारलाही त्याची नोंद झाली. इतर घुबडांसारखा तो रात्रीची वाट पाहत नाही; दिवसाढवळ्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शेपूट झटकत सरडे टिपतो. रोज त्या रानात गुरे नेणाऱ्याला असे शेंडे ठाऊक असतात, आणि हे ज्ञान मजुरीच्या दरात मोजण्याजोगे नाही. रानपिंगळा पाहायला खकनारला जाणाऱ्यांनी वाटाड्या गावातलाच घ्यावा, जेवण गावातच करावे आणि पैसे तिथेच, हातोहात द्यावेत.