गच्चीवरचा हीट पंप आणि आयसोलेटरचं कुलूप

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि किल्ले आठवतात. आज मात्र मी तुम्हाला एका यंत्राचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा किंवा बेंगळुरूला, तुमच्या जवळच्या मोठ्या हॉटेलच्या किंवा हॉस्पिटलच्या गच्चीवर ते कदाचित उभं असेल. कपाटाएवढी लोखंडी पेटी, वर मोठा पंखा. एसीसारखीच दिसते, पण काम उलटं करते. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवते. याला हीट पंप म्हणतात. एक युनिट वीज खाऊन साधारण तीन युनिट उष्णता देतो, म्हणून त्याची मागणी वाढते आहे. आणि मागणी वाढली की घाईघाईनं जोडणारेही वाढतात. म्हणून हा विषय.

कल्पना जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसननं १८५२ साली दाखवून दिलं की, थंडी निर्माण करणारं यंत्रच इमारत गरम करायलाही वापरता येईल. चारच वर्षांत, १८५६ च्या सुमारास, पीटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्यानं एबेनझे इथल्या मिठाच्या कारखान्यात वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. मात्र कोळसा स्वस्त होता, त्यामुळे कल्पना बरीच वर्षं पडून राहिली.

स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा जवळजवळ नव्हता, पण डोंगरातल्या पाण्यावर केलेली वीज होती. झ्युरिकच्या सतराव्या शतकातल्या नगरभवनात १९३८ साली हीट पंप बसला. शेजारून वाहणाऱ्या लिमाट नदीच्या गार पाण्यातून तो उष्णता घेत असे. ते यंत्र २००१ पर्यंत चाललं! महायुद्धात कोळशाची आवक आटली, तेव्हा त्याच शहरात आणखी हीट पंप बसले. युद्धानंतर १९५१ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये थेम्स नदीवर चालणारा पंप आला. त्याचे कॉम्प्रेसर मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरपासून बनवलेले होते. हे तेच मर्लिन, ज्याच्या जोरावर स्पिटफायर आणि हरिकेन विमानं उडाली. लढाईचं यंत्र सभागृह उबदार करायला लागलं. आम्ही उंचावरच्या चौक्यांत रॉकेलच्या बुखारीवर हिवाळे काढले, त्यामुळे हा प्रसंग मला विशेष आवडतो.

आता धोक्याची बाजू. या यंत्राच्या पोटात जो वायू फिरतो, त्याचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये फ्रिजमधून वायू गळून एक कुटुंब दगावल्याची बातमी आली. ती वाचून आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी न गळणारा फ्रिज बनवण्याचा घाट घातला होता. मग १९३० साली थॉमस मिजलीनं नवा वायू स्वतः श्वासात घेऊन आणि त्यानं मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेट घेत नाही! पण याच जातीचे वायू ओझोनचा थर खातात हे १९७४ मध्ये पुढे आलं आणि १९८७ च्या माँट्रिअल करारानं त्यांना निरोप दिला. आज आर-३२ थोडा पेटणारा आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. आपण फिरून पेटणाऱ्या वायूकडे आलो आहोत. म्हणून यंत्र मोकळ्या हवेत हवं. हे वायू हवेपेक्षा जड असतात, खड्ड्यात आणि तळघरात साचतात. स्विच किंवा ठिणगी पडेल असं काहीही निर्मात्यानं आखून दिलेल्या अंतराच्या आत नको.

विजेचे नियमही असेच अनुभवातून आले. लंडनमध्ये १८८२ साली वायरिंगचे पहिले नियम निघाले ते आगीच्या भीतीनं. माणसाला बसणाऱ्या झटक्याचा विचार पुढे वाढत गेला. आपल्याकडे १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समधल्या ६१ व्या नियमानं सांगितलं की, अशा दाबावर चालणाऱ्या मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. दोन कशासाठी? गच्चीवर ऊन, पाऊस आणि गंज यांनी एक तुटलं, तर दुसरं शिल्लक राहावं म्हणून. २०१० आणि २०२३ मध्ये नियमावल्या बदलल्या, ही अट राहिली. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी कुंपणावरून उडी मारणाऱ्या एका मुलाचा हात एसीच्या बाहेरच्या युनिटला लागला आणि तो गेला. आत बिघाड होता आणि अर्थिंगही तुटलेलं होतं. त्यानंतर तिथल्या २०२० च्या नियमांत अशा युनिटसाठी गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण सक्तीचं झालं. आपणही ते लावावं, पण इन्व्हर्टरच्या यंत्राला निर्मात्यानं सांगितलेल्याच प्रकारचं. भलतंच लावलं की ते उगाच पडत राहतं आणि मग कोणीतरी वैतागून काढून टाकतं.

आता कुलूप. यंत्राशेजारी, डोळ्यांसमोर, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर हवा. अमेरिकेनं १९८९ मध्ये कारखान्यांसाठी कुलूप आणि पाटी यांचा नियम केला. कारण साधं होतं. वर माणूस काम करतोय हे खाली पॅनेलजवळच्या माणसाला माहीत नसतं. कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पंखा थांबला म्हणजे वीज गेली असं समजू नका. पाणी गार झालं की यंत्र आपोआप सुरू होतं. कंट्रोलची वायर कधी कधी दुसऱ्याच सर्किटवरून येते, तीही बंद करा. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबा.

मग तपासणी. फौजेत कोणी रायफल हातात देताना रिकामी आहे म्हणालं, तरी आपण स्वतः चेंबर पाहतो. इथंही तसंच. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग यंत्रावर लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. बिघडलेला टेस्टर नेहमी ‘वीज नाही’ असंच सांगतो.

बाकीचं थोडक्यात. यंत्राला स्वतंत्र ब्रेकर आणि स्वतंत्र केबल द्या. केबलची जाडी ठरवताना नेमप्लेटवरचा करंट, अंतर आणि गच्चीवरचं ऊन हे तिन्ही धरा. ग्लँड घट्ट बसवा, स्क्रू सांगितलेल्या जोरानं आवळा, कारण सैल जोडणी तापते आणि जळते. थ्री-फेजमध्ये फेजचा क्रम तपासा. उलटा झाला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो आणि खराब होतो. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी निर्मात्यानं सांगितलेले तास क्रँककेस हीटर चालू ठेवा. आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

मंडळी, तुम्ही मालक असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तर वायरिंग तुम्हाला येण्याची गरज नाही. पण उद्या गच्चीवर जाऊन एवढं पाहा: यंत्राशेजारी आयसोलेटर आहे का, त्याला कुलूप लागतं का, आणि अर्थिंगच्या पट्ट्या दोन आहेत का? नसतील तर बिल देण्याआधी विचारा. दुरुस्तीला वर चढणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, आणि खालून कोणी स्विच टाकला तर त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.